डायल रंगवायच्या आधी मागचं झाकण वाचा

मागच्या अंकात सिको-सिटिझन या जुन्या जपानी घड्याळांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, तेव्हापासून पत्रं आणि फोटो येतच आहेत. कुणाच्या कपाटात सासऱ्यांचं घड्याळ निघालं, कुणी मंगळवार बाजारात पथारीवरून उचललं, कुणी ऑनलाइन मागवून आता पस्तावतंय. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, म्हणून बऱ्याच जणांच्या कामाला येतील असे प्रश्न घेतलेत. फोटो पाठवताना मात्र नुसतं तोंड पाठवू नका, पाठ पण पाठवा. डायलवर कुणी काय पण छापू शकतं, मागच्या झाकणावरचे आकडे सहसा कुणी बदलायला जात नाही.

प्रश्न: वडील बारा वर्षं सौदीला होते, १९८० च्या दशकात परत येताना त्यांनी सिको फाइव्ह आणलं होतं. ते गेल्यावर कपाट आवरताना ते सापडलं. हलवलं की चालतंय, पण डायल पिवळट पडलंय आणि कडेला काळे ठिपके आलेत. घड्याळवाला म्हणतो चारशे रुपयात डायल एकदम नवं करून देतो. करून घेऊ का? (वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: नका करू. हात जोडून सांगतो, नका करू.

मी हे का म्हणतोय ते सांगतो. आमचे अण्णा मिलमध्ये विव्हिंग खात्यात होते, त्यांच्या हातात एक सिटिझन ऑटोमॅटिक असायचं, मामांनी कुवेतहून आणून दिलेलं. मी सहा-सात वर्षांचा असताना ते माझ्या हातून फरशीवर पडलं, काच फुटली आणि मी घाबरून काचेचे तुकडे उचलायला गेलो तर बोट थेट डायलला लागलं. त्या बोटाचा एक डाग चारच्या खुणेजवळ कायमचा राहिला, पुढे तपकिरी झाला. अण्णा कधी रागावले नाहीत, उलट कुणी वेळ विचारली की त्या डागाकडे बोट दाखवून हे आमच्या चिरंजीवांची सही म्हणायचे. ते गेल्यावर मी ते घड्याळ एका दुकानात सर्व्हिसिंगला टाकलं, आठ दिवसांनी आणायला गेलो तर पांढरंशुभ्र चकचकीत डायल! मला न विचारता, वर "तुमच्यासाठी फ्री केलं साहेब" म्हणून. डाग गेला. मी दुकानात काही बोललो नाही, घरी येऊन मात्र कितीतरी वेळ ते घड्याळ हातात धरून बसलो होतो.

रंगवतात म्हणजे काय करतात, तर जुना रंग केमिकलने पार काढून टाकतात, पत्र्यावर नवा स्प्रे मारतात आणि अक्षरं वरून छापतात. मूळ छपाई बघायची असेल तर आयग्लास (घड्याळजीचं भिंग) लावून बघा, अक्षराची कड ब्लेडने कापल्यासारखी असते, सहाच्या खाली केसाएवढ्या बारीक अक्षरात एक कोड असतो. रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड होतात, शाई पसरल्यासारखी दिसते आणि तो कोड एकतर नसतोच नाहीतर चुकीचा असतो. एकदा केलं की परत आणता येत नाही. तुमच्या वडलांचं पिवळट डायल हे त्यांच्या बारा वर्षांच्या उन्हाचं आणि घामाचं आहे, ते राहू दे. मशीनची सर्व्हिसिंग करा, काच बदला, गॅस्केट (पाणी अडवणारं रबरी कडं) बदला, पट्टा नवा घाला, आणि दुकानात देताना चिठ्ठीवर लिहूनच द्या: डायल आणि काट्यांना हात लावायचा नाही, केसला (बाहेरच्या डब्याला) पॉलिश करायचं नाही. चिठ्ठीवर त्यांची सही घ्या. लाजू नका यात.

गिऱ्हाइकाच्या घड्याळाशी कसं वागावं याचं एक उदाहरण तुमच्या सिको कंपनीचंच आहे. १९२३ च्या सप्टेंबरमध्ये टोकियोला मोठा भूकंप झाला, आगी लागल्या, कंपनीचे संस्थापक किंतारो हात्तोरी यांचा कारखाना जळून गेला आणि दुरुस्तीला आलेली गिऱ्हाइकांची सुमारे १५०० घड्याळं त्यात गेली. माणूस स्वतः उघड्यावर आलेला, तरी त्याने त्या सगळ्यांना त्याच तोलामोलाची नवी घड्याळं फुकट दिली. पुढच्याच वर्षी, १९२४ ला, डायलवर पहिल्यांदा सिको हे नाव आलं.

प्रश्न: माझ्याकडच्या सिकोच्या मागे ६११९-८०८३ आणि खाली १एन ने सुरू होणारा नंबर आहे. यावरून साल कळतं असं ऐकलंय, कसं काढायचं? सिटिझनचं पण सांगा. (वाचक, बार्शी)

उत्तर: कळतं, आणि एकदा कळायला लागलं की तुम्ही लग्नात शेजारी बसलेल्याच्या मनगटाकडे पण बघत बसता.

पहिले चार आकडे मशीनचा नंबर, म्हणजे तुमचं मशीन ६११९. डॅशनंतरचे चार केसचा नंबर, म्हणजे कोणत्या आकाराच्या डब्यात ते बसवलंय तो. खालचा सिरीयल नंबर आहे त्यातला पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना. जानेवारी ते सप्टेंबर १ ते ९, मग ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. त्यापुढचे आकडे त्या महिन्यातला उत्पादनाचा क्रम. तुमचा १एन म्हणजे एकाने संपणाऱ्या सालातला नोव्हेंबर.

आता एकाने संपणारं साल म्हणजे १९६१ का १९७१ का १९८१? इथे खरा अभ्यास सुरू होतो. ६११९ हे मशीन १९६१ ला नव्हतंच, १९८१ पर्यंत त्याची जागा दुसऱ्या मशीननी घेतली होती, म्हणजे तुमचं नोव्हेंबर १९७१. पण सगळ्यांचं इतकं सरळ नसतं. ६३०९ घ्या, ते १९७६ पासून १९८८ पर्यंत बनत होतं, तिथे पहिला आकडा ९ आला तर बिनधास्त १९७९ म्हणा, पण ७ आला तर १९७७ पण असू शकतं आणि १९८७ पण. मग डायलवरचा बारीक कोड, केसचा नंबर, जुने कॅटलॉग, आणि घरात कुणाला आठवत असेल तर घड्याळ कुठल्या सणाला की कुणाच्या लग्नाला आलं, असं सगळं जुळवत बसायचं. घरातल्या बायकांना हे पुरुषांपेक्षा चांगलं आठवतं असा माझा अनुभव आहे, आमच्या आत्याने "धाकटीच्या बारशाला हेच हातात होतं" एवढं सांगितल्यावर माझा एक दहा वर्षांचा घोळ मिटला.

सिटिझनला पहिला आकडा साल आणि पुढचे दोन आकडे महिना. ६०४ ने सुरू होत असेल तर सहाने संपणाऱ्या सालातला एप्रिल. दशक मशीनवरूनच ठरवायचं, पद्धत तीच.

आणि झाकण वाचण्याआधी ते वाचण्यासारखं करून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो, घाम, धूळ, साबण असं सगळं मिळून झाकणाच्या खाचेत काळी पेस्ट बसते, लोक ती सॉसपॅन घासायच्या घासणीने काढतात आणि आकडेच घासून टाकतात. लाकडी टूथपिक घ्या, कोरड्या मऊ ब्रशने झटका, मग खोलीतला दिवा बंद करून मोबाईलची टॉर्च एका बाजूने तिरकी धरा. वरून मारलेल्या उजेडात जे आकडे दिसत नाहीत ते तिरक्या उजेडात सावली पडून उठून दिसतात. मी असे गेलेले वाटणारे कितीतरी नंबर वाचलेत.

अजून एक गंमत बघा, जुन्या सिकोच्या डायलवर नाहीतर झाकणाच्या आत एक छोटं चिन्ह असतं, विजेसारखं वळण असेल तर ते दाइनी कारखान्याचं आणि भोवऱ्यासारखं असेल तर सुवाचं. दोन्ही कारखाने एकाच कंपनीचे, पण एकमेकांशी चुरस अशी की सुवाने १९६० ला ग्रँड सिको काढलं तर दाइनीने १९६१ ला किंग सिको काढलं. भावाभावांची चढाओढ म्हणा, पण त्यातून मशीन सुधारत गेली.

प्रश्न: काका, मी इंजिनिअरिंगला आहे. आजोबांच्या सिकोला चावी देतो तर काहीच होत नाही, नुसतीच फिरते. खराब आहे का? आणि मला मशीन स्वतः उघडायला शिकायचंय. (विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर: खराब नाही रे बाळा. ६११९, ६३०९, ७००९ या मशीनना चावी द्यायची सोयच नाही, ती ऑटोमॅटिक आहेत, फक्त हाताच्या हालचालीवर भरतात. बंद पडलेलं घड्याळ आडवं धरून अर्धा मिनिट हळू गोल फिरव, चालू होईल, मग हातात घाल. आणि ६१ ने सुरू होणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये चावी आत दाबली की तारीख पुढे सरकते, लोक चावी बाहेर ओढून ओढून तोडतात, कुणी सांगितलेलंच नसतं. फक्त रात्री नऊ ते पहाटे चारच्या मधे तारीख बदलू नकोस, त्या वेळी आतले दाते तारीख सरकवायच्या तयारीत एकमेकांत अडकलेले असतात, तेव्हा जोर दिला की दाता तुटतो.

तू इंजिनिअरिंगचा आहेस म्हणून मॅजिक लिव्हर समजून घे, मला यापेक्षा सुंदर काही घड्याळात दिसलेलं नाही. मागचं झाकण काढलं की अर्धचंद्रासारखं एक जड वजन दिसतं, तो रोटर. हात हलला की रोटर कधी इकडे फिरतो कधी तिकडे. आता स्प्रिंग तर एकाच बाजूला गुंडाळायला पाहिजे, मग उलटं फिरलेलं वाया जाणार की नाही? इतरांनी त्यासाठी चाकांची मोठी रांग लावली. सिकोवाल्यांनी १९५९ ला काय केलं, रोटरच्या फिरण्यावर मध्याच्या जरा बाजूला एक खुंटी चालेल असं केलं आणि तिला इंग्रजी व्ही च्या आकाराची एकच पट्टी अडकवली, दोन हात असलेली, तोच मॅजिक लिव्हर. रोटर कुठल्याही बाजूला फिरू दे, खुंटी पुढे-मागे होते, पट्टीचा एक हात दातेरी चाकाला ओढतो, परत जाताना दुसरा हात ढकलतो, चाक मात्र नेहमी एकाच दिशेला पुढे जातं. भाकरी थापताना कसा एक हात थापतो आणि दुसरा वळवतो, भाकरी आपली एकाच बाजूला फिरत राहते, तसं. भाग कमी, खर्च कमी, बिघडायला जागा कमी. त्याच्यामुळेच हे घड्याळ सर्वसामान्य माणसाला परवडलं. १९६३ ला स्पोर्ट्समॅटिक फाइव्ह आलं, त्यातले पाच म्हणजे ऑटोमॅटिक, वार-तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून बचाव, चारच्या जागी आत दबलेली चावी, आणि मजबूत केस-पट्टा.

याउलट सिटिझनचं ८२०० मशीन एकाच बाजूला फिरताना भरतं, दुसऱ्या बाजूला रोटर मोकळा गरगर फिरतो, मनगटाला ते जाणवतं सुद्धा. पण त्याला चावी देता येते. दोन घड्याळं कानाशी धरून बघ, आवाजावरून फरक सांगता येईल. ही बरीचशी ऑटोमॅटिक तासाला २१,६०० ठोके देतात म्हणजे सेकंदाला सहा, जुनी चावीची १८,००० ची म्हणजे पाच, त्यामुळे सेकंद काट्याची चाल पण वेगळी दिसते.

उघडायला शिकायचं तर आजोबांच्या घड्याळावर शिकू नकोस. नव्या पेठेत नाहीतर मधल्या मारुतीच्या बाजूला जुने घड्याळजी अजून बसतात, त्यांच्याकडे डब्यात मेलेली मशीन पडलेली असतात, शंभर-दोनशेत एखादं मिळेल. ते दहा वेळा खोल आणि बसव. बॅलन्सला (ठोके देणाऱ्या डोलत्या चाकाला) सगळ्यात शेवटी हात लाव, त्याची केसाएवढी बारीक हेअरस्प्रिंग एकदा वाकडी झाली की नवशिक्याच्या हातून सरळ होत नाही. प्रत्येक स्क्रू काढायच्या आधी फोटो काढ. टेबलावर पांढरं कापड अंथर आणि पंखा बंद ठेव, एप्रिलमध्ये दुपारी पंखा बंद करून बसायचं म्हणजे सोलापुरात काय असतं ते मला माहीत आहे, म्हणून पहाटे बस. आणि पेट्रोलमध्ये मशीन बुडवून काढली की झाली सर्व्हिसिंग असं कुणी शिकवलं तर त्याचं ऐकू नकोस. सुटे भाग न करता बुडवलं की घाण एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते आणि ज्वेलमधलं (चाकांची टोकं ज्यात फिरतात त्या खड्यांमधलं) तेल मात्र धुऊन जातं, मग मशीन दोन महिने पळतं आणि कोरडंच घासत राहतं.

प्रश्न: ऑनलाइन १८०० रुपयात "ओरिजिनल व्हिंटेज" सिको फाइव्ह घेतलं. भगवं डायल, एकदम नवं दिसतं. मित्र म्हणतो हे मुंबई स्पेशल आहे. म्हणजे काय? (वाचक, पंढरपूर)

उत्तर: मित्र बहुतेक बरोबर बोलतोय. मशीन खरं जपानी, पण चार घड्याळांचे भाग जोडलेले, डायल भडक रंगात नव्याने छापलेलं, काटे बाजारातले, केस कधी घासून गुळगुळीत केलेली तर कधी साफ नवी, अशा घड्याळांना जगभरचे संग्राहक मुंबई स्पेशल म्हणतात. आपल्या मुंबईच्या नावाने ही ओळख व्हावी याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ही जोडणारे कारागीर हाताचे पक्के आहेत, मेलेलं मशीन चालू करणं सोपं काम नाही. चूक आहे ती ओरिजिनल म्हणून विकण्यात.

तुमच्या फोटोत मी तीन गोष्टी बघितल्या. झाकणावर ७००९ आहे, त्या मशीनला १७ ज्वेल असतात, डायलवर मात्र २१ ज्वेल्स छापलंय. सहाच्या खाली बारीक कोड नाही. काट्यांवर अंधारात चमकायचा मसाला भरलाय पण डायलच्या खुणांवर तो कुठेच नाही, असं कंपनी कशाला करेल? परत देता आलं तर द्या, नाही तर रोज वापरा, मशीन चालतंय ना, पण संग्रहात त्याची नोंद करताना "जोडलेलं" असं स्वच्छ लिहा, म्हणजे उद्या तुमच्या मुलाकडून पुढचा माणूस फसणार नाही.

पिवळं डायल आणि निळी-लाल कड असलेलं ६१३९ क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) कुणी दाखवलं तर दुप्पट सावध राहा. १९६९ चं ते मशीन, जगातल्या अगदी पहिल्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफपैकी एक, विल्यम पोग नावाचे अंतराळवीर १९७३ ला स्कायलॅब या अंतराळस्थानकावर जाताना ते सोबत घेऊन गेले, ८४ दिवस वर होते. तेव्हापासून पिवळ्याला भाव आला, आणि भाव आला की रंगवणारे पण आले.

प्रश्न: जावयाने भंगारातून आणलेल्या सिकोत वाराच्या जागी कधी इंग्रजी दिसतं तर कधी चौकटीसारखी चिनी अक्षरं. हे काय आहे? (वाचक, अक्कलकोट)

उत्तर: ती जपानी अक्षरं आहेत, कांजी म्हणतात. वाराच्या चकतीवर सात वार दोन भाषांत असतात, म्हणजे एकूण चौदा जागा, तुम्ही वार लावताना कुठल्या भाषेवर थांबता त्यावर पुढे तीच दिसत राहते. कांजीची चकती असेल तर घड्याळ जपानच्या घरच्या बाजारासाठी बनलेलं असण्याची शक्यता जास्त, किंवा दुरुस्तीत कुणी ती चकती घातली असेल, झाकणाचा आणि डायलचा नंबर जुळतो का ते बघा.

पण मला त्या अक्षरांचा अर्थ कळला तेव्हा मी अर्धा तास नुसता ते घड्याळ फिरवत बसलो होतो. रविवारचं अक्षर सूर्य. सोमवारचं चंद्र. मंगळवारचं अग्नी, आणि जपानीत मंगळ ग्रहाला अग्नीतारा म्हणतात. बुधवारचं पाणी, बुध म्हणजे त्यांच्याकडे जलतारा. गुरुवारचं लाकूड, गुरु म्हणजे काष्ठतारा. शुक्रवारचं सोनं आणि शनिवारचं माती, तेही त्या त्या ग्रहाचंच नाव. म्हणजे रवि, सोम, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि, अगदी आपल्याच क्रमाने! जावईबापूंना सांगा, मंगळवारी ते अग्नीचं अक्षर बघून मग सिद्धेश्वराला जा.

प्रश्न: तुम्ही जपानी घड्याळांच्या सदरात एचएमटी का घुसडता? ते तर शुद्ध भारतीय. (निवृत्त शिक्षक, नवी पेठ)

उत्तर: गुरुजी, भारतीयच आहे, त्यात शंका नाही. पण १९६१ ला बेंगळुरूत एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला तो जपानच्या सिटिझनबरोबर करार करूनच, आणि जनता घड्याळाचं चावीचं १७ ज्वेलचं मशीन उघडलं की त्याची सगळी ठेवण सिटिझनचीच दिसते. सुरुवातीला जपान्यांनी शिकवलं, मग आपल्या लोकांनी भाग पण इथे बनवायला घेतले. तसंच हैदराबादच्या ऑल्विनने पुढे सिकोबरोबर घड्याळं बनवली. म्हणून जपानी मशीनचा अभ्यास सोलापुरात बसून करायचा असेल तर सगळ्यात जवळचं आणि स्वस्त पुस्तक म्हणजे एचएमटी. तुमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात निघेल.

आणि आपल्या गावाचा आणि त्या घड्याळाचा संबंध तर तुम्हाला मी काय सांगणार. मिलचा भोंगा झाला की अख्खं गाव घड्याळ लावायचं. अण्णांकडे सिटिझन यायच्या आधी जनता होतं, रोज सकाळी भोंगा सुरू झाला की ते चावी ओढून धरायचे, भोंगा थांबला की दाबायचे, मग चावी द्यायचे, मोजून, पुढे जात नाही असं वाटलं की लगेच बोटं काढून घ्यायचे. मिल बंद पडल्या, २०१६ ला सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग पण बंद करायचा निर्णय घेतला, पण ती चावी द्यायची पद्धत मी आजही तशीच पाळतो. जनता रोज एकाच वेळेला, सकाळी, पूर्ण भरावं, ते जास्त नेमकं चालतं.

प्रश्न: आमच्या ह्यांनी तीसेक घड्याळं जमवलीत. त्यातलं एक अचानक दिवसाला दहा मिनिटं पुढे जायला लागलंय. नवीन सर्व्हिसिंग केलंय तरी. (वाचक, होटगी रोड)

उत्तर: ताई, ते घड्याळ रात्री कुठे ठेवतात बघा बरं. स्पीकरवर, चुंबकाचं बटण असलेल्या पर्सजवळ नाहीतर मोबाईलच्या चुंबकवाल्या कव्हरवर? हेअरस्प्रिंगला चुंबक लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळायला लागतं. घड्याळजीकडे चुंबक काढायचं छोटं यंत्र असतं, एका मिनिटाचं काम, मशीन खोलायची पण गरज नाही. जुन्या ऑटोमॅटिकने दिवसाला वीस-तीस सेकंद इकडे तिकडे केलं तर त्याला काही म्हणू नका. आणि तीस घड्याळं असतील तर ह्यांना सांगा की स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेखाली एकही ठेवायचं नाही, त्या उन्हात आतलं तेल पातळ होऊन नको तिकडे पसरतं.

प्रश्न: महिन्याला हजार-पंधराशेच बाजूला काढता येतात. सुरुवात कशाने करू? बाजारात रिको ऑटोमॅटिक खूप दिसतात, ते चांगले का? (यंत्रमाग कामगार, सोलापूर)

उत्तर: चांगले. रिको म्हटलं की लोकांना झेरॉक्स मशीन आठवतं, कंपनी तीच. नागोयात ताकानो म्हणून एक घड्याळ कंपनी होती, १९५९ च्या सप्टेंबरमध्ये तिथे इसेवान चक्रीवादळ आलं, कारखान्याचं मोठं नुकसान झालं, कंपनी सावरली नाही आणि १९६२ ला ती रिकोने घेतली. तिथून ही घड्याळं आली. आपल्याकडे बाजारात रिको भरपूर आहेत त्यामुळे स्वस्त आहेत, पण त्यातली बरीच रंगवलेली असतात, तेव्हा मळकं, फिकं, ओरखडे पडलेलं डायल दिसलं तर ते आधी हातात घ्या. चकाकणारं खाली ठेवा.

माझं ऐकाल तर पहिले तीन महिने काही घेऊ नका. दर मंगळवारी बाजारात जा, नुसती बघा, झाकणावरचे नंबर वहीत लिहून आणा. कुठल्या मशीनबरोबर कुठली केस येते, कुठलं डायल येतं, ते तुमच्याच वहीतून कळायला लागेल. तुम्ही मागावर बसता, तुम्हाला तर दोऱ्यातली गाठ चालत्या मागावर दिसते, ही नजर आमच्यासारख्यांना वर्षं घालवून कमवावी लागते. चौथ्या महिन्यात एकच घड्याळ घ्या, आणि ज्याच्याकडून घेतलं त्याला विचारा हे कुणाच्या घरातून आलं. दहातले नऊ जण सांगणार नाहीत, एक सांगेल, तेही वहीत लिहा, तारखेसकट.

पहिलं घेतलंत की झाकणाचा, डायलचा आणि मशीनचा असे तीन फोटो मला पाठवा. मशीन घड्याळजीकडून उघडून घ्या, जुनी झाकणं घट्ट बसलेली असतात, घरी स्क्रू ड्रायव्हर लावलात तर घसरून रोटरवर चरा पडेल.